पॅरिसचे सात दिवस आणि दोन कागद

जबलपूरहून एका वाचक-भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र लहानसेच आहे, परंतु त्यातील अडचण पुष्कळ घरांतील असावी असे वाटल्यावरून आजचे हे सदर आम्ही त्या पत्रालाच वाहिले आहे.

बाईंचे यजमान कारखान्यातील नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. या अवधीत उभयतांनी प्रवास पुष्कळ केला. पण तो लग्नकार्यांचा, बाळंतपणांचा, फार तर सासूबाईंना घेऊन केलेल्या काशीयात्रेचा. केवळ दोघांनी आणि केवळ पाहण्यासाठी म्हणून घर सोडण्याचा प्रसंग कधी आला नाही. आता मुलांच्या आग्रहाने युरोपला जाण्याचे घाटत आहे. यजमानांनी एका प्रवासी कंपनीचे पत्रक आणले असून त्यात अकरा दिवसांत सात देश दाखविण्याचे आश्वासन आहे. बाईंचे गुडघे दुखतात. त्या लिहितात की, मला सात देश नकोत. एका शहरात कोठेतरी निवांत बसावे, आणि चहा ठेवायला, दार उघडायला किंवा कोणाला काय हवे ते पाहायला म्हणून उठावे लागू नये, एवढीच इच्छा आहे. पण हे बोलून दाखविले तर त्यांचा हिरमोड होईल. पैसे त्यांनी जन्मभर साठविलेले आहेत.

वाचकहो, या तंट्यात एक पक्ष शहाणा आणि दुसरा हट्टी असे आम्हांस वाटत नाही. ज्याने पै-पै जमविली, त्याला या पैशांत जास्तीत जास्त पदरात पाडून घ्यावे असे वाटणारच. पुन्हा जाणे होईल की नाही, हीही धास्ती असते. त्याला लोभ म्हणू नये. तथापि पाहिलेल्या स्थळांची संख्या हे प्रवासाच्या लाभाचे माप नव्हे. सात देशांच्या अकरा दिवसांतील मोठा भाग मोटारीच्या खिडकीत, सामानाच्या बांधाबांधीत आणि पहाटेच्या घाईत जातो. म्हणून आमचे मत असे की, पहिल्या खेपेस एकच शहर निवडावे, तेथे सात रात्री एकाच बिऱ्हाडी राहावे, आणि निवड करायचीच तर ती पॅरिसची करावी. शहराचा गाभा आटोपशीर आहे, नदी मधोमध वाहते आणि बसायला जागा पुष्कळ आहेत. हा शेवटचा गुण किती मोलाचा, ते पुढे दिसेल.

दोन कागद

आरंभी नकाशा नको, मार्गदर्शक पुस्तकही नको. रात्रीची जेवणे आटोपली की दोघांनी दोन कागद घ्यावेत, आणि एकमेकांना न दाखविता प्रत्येकाने पाच गोष्टी लिहाव्यात. त्या स्थळेच असाव्यात असे नाही. 'नदीकाठी संध्याकाळ' हीसुद्धा एक गोष्ट आहे. मग कागद शेजारी ठेवावेत. दोन्हीकडे जे समान असेल ते प्रथम नक्की करावे. उरलेल्यांतून प्रत्येकाने आपल्या आवडीच्या दोनच राखाव्यात. मात्र जोडीदाराने राखलेल्या गोष्टी का राखल्या हे विचारावे. त्या राखाव्यात की नाही हे विचारू नये. छत्तीस वर्षांच्या संसारातही या एका प्रश्नाने कधी कधी नवी माहिती मिळते.

अशा रीतीने सहा-सात गोष्टींपेक्षा अधिक काही उरणार नाही, आणि सात दिवसांना त्या पुरतात. रोज एकच मोठे काम, तेही सकाळी; दुपार मोकळी; संध्याकाळी जवळपासचे काही, असा क्रम ठेवावा.

हा नियम आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता प्रथम पॅरिसला गेलो, तेव्हा लूव्र संग्रहालय 'पुरे करावयाचे' असा निश्चय करून सकाळी नऊला आत शिरलो. चार वाजेपर्यंत आम्हांला एकमेकांशी बोलण्याचे त्राण उरले नव्हते, आणि बाहेर पडल्यावर पहिले भांडण झाले ते पाण्याची बाटली कोणी विसरली यावरून. त्या दिवशी पाहिलेल्या चित्रांपैकी फार थोडी आठवतात. भांडण मात्र शब्दशः आठवते. पुढे हिशेब केला. लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे अर्धा मिनिट थांबले, तरी रोज आठ तासांप्रमाणे छत्तीस दिवस लागतील. जी गोष्ट छत्तीस दिवसांत व्हायची, ती एका दिवसात न झाल्याचे दुःख कशाला मानावे?

शहराची ठेवण

पॅरिस शहराचे वीस वॉर्ड आहेत. पहिला मध्यभागी, आणि पुढचे क्रमाने गोगलगायीच्या शंखासारखे वळसे घेत बाहेर जातात. त्यामुळे पत्त्यातील वॉर्डाचा आकडा पाहिला की ठिकाण मध्यापासून किती दूर असावे याचा अंदाज येतो. सेन नदी शहराचे दोन भाग करते. नदीच्या पात्रातील एका बेटावर नोत्र दाम हे प्राचीन चर्च आहे. जुने शहर याच बेटाभोवती वाढत गेले.

भुयारी मेट्रो १९०० साली सुरू झाली. ती जलद आहे, पण जुनी असल्यामुळे बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही आणि गाडी बदलताना लांबलचक बोळ व जिने ओलांडावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी बसचा आश्रय करावा. वेळ थोडा अधिक लागतो, पण खिडकीतून शहर दिसते. ६९ क्रमांकाची बस आयफेल टॉवरच्या बाजूने निघून नदी ओलांडते आणि लूव्र, बास्तीय या भागांतून पूर्वेकडील पेर लाशेज दफनभूमीच्या बाजूला जाते. साध्या तिकिटात एवढे नगरदर्शन बसल्या जागी घडते. १९०४ साली पॅरिसमध्येच जन्मलेले जे. आर. डी. टाटा यांची समाधी याच दफनभूमीत आहे. मात्र तेथील वाटा चढाच्या व दगडी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तिकिटांसाठी 'नाविगो' नावाचे कार्ड मिळते. सुट्या फेऱ्यांची तिकिटे भरावयाची असल्यास दोघांना दोन कार्डे घ्यावी लागतात. एकावर दोघांचे भागत नाही. आठवड्याचा पासही असतो. तो घेतल्या दिवसापासून सात दिवस चालतो असे अनेकांस वाटते, परंतु त्याचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. म्हणून शक्य असल्यास सोमवारी पोहोचावे आणि पुढच्या सोमवारी निघावे. पासासाठी छायाचित्र लागते; एक-दोन छायाचित्रे घरूनच न्यावीत.

सात दिवस कसे योजावेत

सोमवारी पोहोचल्यावर काहीही 'पाहू' नये. उन्हाळ्यात आपले घड्याळ पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असते, हिवाळ्यात साडेचार. तेथे संध्याकाळ होते तेव्हा आपल्या शरीराची मध्यरात्र झालेली असते. बिऱ्हाडाभोवती एक फेरी मारावी, पावाचे दुकान कोठे, औषधाचे कोठे, बसचा थांबा कोठे ते पाहून ठेवावे आणि लवकर निजावे.

मंगळवारी लूव्र बंद असते. पाण्यावरील कमळांची चित्रे जेथे आहेत ते ओरांजरी आणि आशियाई कलेचे गिमे, ही संग्रहालयेही बंद असतात. सोमवारी ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा बंद असतो. यादी करण्यापूर्वी हे वार पाहिले नाहीत, तर बंद दारापुढे उभे राहण्याचा प्रसंग येतो. आधुनिक कलेचे पाँपिदू केंद्र तर मोठ्या दुरुस्तीसाठी २०२५ पासून काही वर्षांकरिता बंदच आहे. मंगळवार म्हणून आयफेल टॉवरला द्यावा. १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला हा लोखंडी मनोरा आज ३३० मीटर उंच आहे. कारखान्यात आयुष्य घालविलेल्या गृहस्थांच्या कागदावर तो असणारच. लिफ्टची तिकिटे सुमारे दोन महिने आधी विक्रीस येतात व लवकर संपतात. संध्याकाळी नदीतून तासाभराचा नौकाविहार करावा. त्यात चालावे लागत नाही.

बुधवारी लूव्र, पण तीनच तास. तिकीट वेळ ठरवून आधीच काढावे. तीन दालने निवडावीत, आणि तीन तास झाले की कितीही मोह झाला तरी बाहेर यावे. बाहेरच त्युइलरी बाग आहे. तेथे आणि नदीपलीकडच्या लुक्सांबूर बागेत लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या उचलून उन्हात वा सावलीत, पाण्याजवळ किंवा एकमेकांसमोर, हव्या तेथे नेता येतात. एके काळी या खुर्च्यांवर बसण्याचे भाडे घेत. आता ते पडत नाही. जबलपूरच्या भगिनींनी पत्रात जे मागितले आहे, ते या शहराने बागेत फुकट मांडून ठेवले आहे.

गुरुवारी सकाळी दोघांनी वेगळे व्हावे. हे वाचून कोणी दचकू नये. बरोबर जाणे म्हणजे प्रत्येक पाऊल बरोबर टाकणे नव्हे. यंत्रांची आवड असणाऱ्या यजमानांसाठी पॅरिसमध्ये कला व उद्योगांचे एक जुने संग्रहालय आहे. त्याची संस्था १७९४ साली स्थापन झाली. लुई ब्लेरियोने १९०९ साली ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली ते विमान तेथे टांगलेले आहे, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे डोळ्यांना दाखविणारा फूकोचा लंबकही आहे. तेथे ते चार तास सुखाने रमतील. बाईंना त्या काळात तेथे ताटकळत उभे राहावे लागू नये. त्यांनी लुक्सांबूर बागेत बसावे, वाचावे किंवा काहीच करू नये. भेटण्याची जागा व वेळ कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवावी, बिऱ्हाडाचा पत्ताही ठेवावा. दुपारी भेटल्यावर दोघांजवळ सांगण्यासारखे वेगवेगळे काही असेल. बरोबर फिरताना हे सुख मिळत नाही. गुरुवारी ओर्से संग्रहालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते. १९०० साली बांधलेल्या रेल्वे स्थानकात १९८६ पासून हे संग्रहालय आहे, तेव्हा चित्रांइतकीच इमारतही यजमानांना आवडेल.

शुक्रवारी बेटावर जावे. नोत्र दामचे बांधकाम ११६३ साली सुरू झाले. १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत त्याचे छप्पर व शिखर कोसळले. सुतार, गवंडी व काचकाम करणाऱ्यांनी पाच वर्षे खपून ते पुन्हा उभे केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जवळच सेंत शापेल हे तेराव्या शतकातील छोटे चर्च रंगीत काचांच्या उंच खिडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या वरच्या दालनाकडे अरुंद गोल जिन्याने जावे लागते. गुडघ्यांनी नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नये.

शनिवारची वाट आम्ही मुद्दाम जबलपूरच्या या कुटुंबासाठी सुचवीत आहोत. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यात, म्हणजे जबलपूरच्या शेजारीच झाला. नागपुरात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकून १९५० साली ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, आणि तेथेच साठ वर्षे राहिले. २०१६ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन नर्मदेच्या काठी मंडल्यालाच झाले. ज्या कला विद्यालयात ते शिकले, ते नदीच्या डाव्या तीरावर रू बोनापार्त या रस्त्यावर आहे. तेथून थोडेसे चालले की केवळ पादचाऱ्यांसाठी असलेला पों देझार पूल लागतो, आणि पुलापलीकडे लूव्र. नर्मदेकाठचा एक तरुण परक्या भाषेच्या या शहरात याच काठाने फिरला असेल, हे मनात असले म्हणजे तो रस्ता परका राहत नाही. पुलावरून उतरून ओरांजरीत जावे. क्लोद मोने याने आपल्या बागेतील तळ्याची चित्रे फ्रान्सला अर्पण केली. दोन लंबवर्तुळाकार दालनांत ती १९२७ पासून भिंतभर लावलेली आहेत. मध्ये बाके आहेत. ही चित्रे बसूनच पाहावयाची असतात.

रविवार कोरा ठेवावा. पावसाने बुडालेला बेत, पुन्हा पाहावेसे वाटलेले काही, किंवा ६९ क्रमांकाची बस, यांपैकी जे त्या दिवशी सुचेल ते करावे. हा दिवस भरण्याचा मोह यजमानांना होईल. त्यांना आमचा निरोप सांगावा.

बिऱ्हाड आणि स्वयंपाक

काटकसर म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी असे पुष्कळजण सुचवितात. हिशेब बरोबर आहे. परंतु तेथे सकाळचा चहा कोण ठेवील आणि रात्रीची भांडी कोण घाशील, हे पैसे भरण्यापूर्वीच ठरवावे. यजमान ते काम घेत असतील तर खोली अवश्य घ्यावी. ते पुन्हा बाईंकडेच येणार असेल, तर वाचलेले युरो त्यांच्या विश्रांतीतून वजा झाले असे समजावे, आणि न्याहारी देणारे साधेसे हॉटेल पाहावे. जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असे नाही. म्हणून मजला व लिफ्ट यांची चौकशी लेखी करावी.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. पाव उत्तम मिळतो, चीज व फळे मिळतात, आणि मारे भागातील रू दे रोझिए या रस्त्यावर फलाफल, म्हणजे हरभऱ्याच्या डाळवड्यांसारखे वडे घातलेली पोळी मिळते. गार द्यू नोर स्थानकाजवळ तमिळ व भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की, तेथील अनेक चीजांत वासराच्या जठरातील विरजण वापरतात. उपाहारगृहात नळाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते. दुकानात शिरताना प्रथम 'बोंजूर' म्हणावे. त्या एका शब्दावाचून पुढचे सगळे सौजन्य अडते. गर्दीत पैशांची पिशवी पोटाशी धरावी, आणि कोणी आपणहून हातात दोरा बांधू लागल्यास हात मागे घ्यावा.

कागदपत्रे

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झाला पाहिजे. पण उन्हाळ्यातील गर्दी पाहता दोन-तीन महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतील, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. बोटांचे ठसे द्यावयाचे असल्याने उभयतांना केंद्रात स्वतः जावे लागते. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारी तिकिटे काढू नयेत. ऋतूचे म्हणाल, तर मे किंवा सप्टेंबर बरा. ऑगस्टमध्ये पॅरिसकर स्वतःच सुटीवर जातात व पुष्कळ दुकाने बंद असतात. छत्री कोणत्याही महिन्यात न्यावी.

आता जबलपूरच्या भगिनींस थोडेसे. आपण लिहिता की, बोलले तर त्यांचा हिरमोड होईल. आम्हांस वाटते, न बोलल्यास अधिक होईल. अकरा दिवस आपण दुखत्या गुडघ्यांनी त्यांच्यामागून चालाल, ते मागे वळून पाहतील, आणि जन्मभर साठविलेल्या पैशांनी आपल्याला सुख झाले नाही हे त्यांना परदेशात कळेल. त्यापेक्षा आज घरी कळलेले बरे. पत्रक बाजूला सारून दोन कागद मांडा. आपल्या कागदावर पहिल्या ओळीत 'एक खुर्ची' एवढेच लिहा, आणि का, हे त्यांनी विचारले की सांगा. त्यांच्या कागदावर काय निघाले, ते आम्हांस अवश्य कळवा.